सौर विजेची बॅटरी : किती घ्यावी, कशी घ्यावी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की गावोगाव सोलरवाले फिरू लागतात. "दीडशेची बॅटरी घ्या, रातभर घर चालंल," असे सांगितले जाते. दीडशे म्हणजे काय, रातभर म्हणजे किती तास आणि घर म्हणजे कोणकोणती उपकरणे, हे मात्र कोणी विचारीत नाही. परभणी जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही; तोटा होतो तो हिशेब न केल्याने. म्हणून तो हिशेबच आम्ही येथे देत आहोत. वही-पेन्सिल घेऊन बसावे.

बॅटरी लागते का?

छतावर पॅनेल बसले म्हणजे लाईट गेल्यावरही घर उजळेल, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. केवळ नेट मीटरवर चालणारा संच लाईन गेली की भर दुपारीही आपोआप बंद पडतो. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव वाचावा म्हणून केलेली ती सोय आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. ते पॅनेलच्या क्षमतेवर आहे. बॅटरीचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो. तेव्हा फक्त वीजबिल कमी करायचे असेल, तर बॅटरीवाचून चालते. रात्री तासन्‌तास लाईट जात असेल, पोरांचा अभ्यास खोळंबत असेल, घरात आजारी माणूस असेल, तर बॅटरीचा विचार करावा. मात्र त्यासाठी इन्व्हर्टरही बॅटरी जोडता येणाराच हवा.

पायरी १ : गरज मोजा

उपकरणाचे वॅट गुणिले तास, एवढेच गणित. १,००० वॅट-तास म्हणजे १ युनिट. लाईट नसताना काय चालवायचे तेवढेच धरावे. एका घराचा नमुना असा :

५ एलईडी दिवे × ९ वॅट × ५ तास = २२५
३ जुने पंखे × ७५ वॅट × ६ तास = १,३५०
टीव्ही ८० वॅट × ३ तास = २४०
मोबाईल चार्जर वगैरे १५ वॅट × ६ तास = ९०
एकूण १,९०५ वॅट-तास, म्हणजे सुमारे १.९ युनिट.

पायरी २ : उतारा धरा

उसाचे टनेज आणि त्यातून निघणारी साखर यांतला फरक आपणांस सांगायला नको. बॅटरीचेही तसेच आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे १,८०० वॅट-तास. पण हे झाले काट्यावरचे वजन. पाण्याची (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी रोज निम्म्याखाली उतरविली तर लवकर मरते. म्हणून तिचा उतारा निम्माच धरावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा ८० टक्के धरण्यास हरकत नाही. शिवाय इन्व्हर्टरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत घट धरावी.

आता नमुन्याचे घर पाहू. १,९०५ भागिले ०.८५ म्हणजे सुमारे २,२४०. पाण्याची बॅटरी घेतल्यास दुप्पट, म्हणजे ४,४८० वॅट-तास. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या २४ व्होल्टला जोडल्या, तर प्रत्येकी १८७ अँपिअर-तास हव्यात. बाजारात २०० ची जोडी घ्यावी लागेल. लिथियम असेल तर २,८०० वॅट-तास, म्हणजे ३ युनिटची पुरे. "दीडशेची एक" या घराला रातभर कशी पुरणार, ते आपणच ठरवावे.

पायरी ३ : आधी पंखे बदला

वरच्या यादीत सर्वांत जास्त वीज खातात ते पंखे. त्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसविले, तर १,३५० चे ५४० होतात आणि एकूण गरज १,०९५ वर येते. मग पाण्याच्या बॅटरीची क्षमता २,५७६ वॅट-तास पुरते, म्हणजे १२० ची जोडी भागवते. आधी बचत, मग बॅटरी.

इस्त्री, गीझर, शेगडी बॅटरीवर लावूच नये. फ्रिज व मिक्सर सुरू होताना मोठा झटका घेतात. ते चालवायचे असल्यास इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो.

पायरी ४ : भरणार कशाने?

१ किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट देते. नमुन्याच्या घराची बॅटरी भरायला घटीसह पावणेतीन युनिट लागतात, म्हणजे १ किलोवॅट पुरे. आषाढ-श्रावणात झड लागली की उत्पादन निम्म्यावर किंवा खाली येते. तेव्हा वापरही आखडता घ्यावा.

उन्हाळा आणि निगा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळपास निम्मे होते. म्हणून ती पत्र्याच्या शेडात ठेवू नये. सावलीची, वारा खेळणारी जागा निवडावी. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून चूल वा देवघरातला दिवा जवळ नको. पाणी डिस्टिल्डच घालावे, बोअरचे कदापि नाही. उन्हाळ्यात पंधरवड्याला पातळी पाहावी. जुनी व नवी बॅटरी एकत्र जोडू नये. जुनी विक्रेत्याला परत द्यावी, उकिरड्यावर टाकू नये.

खरेदीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : क्षमता सी-१० वर मोजली आहे काय (सी-२० चा आकडा फुगलेला असतो), प्लेट ट्युब्युलर आहे काय, बनावटीची तारीख कोणती, आणि वॉरंटीत पूर्ण बदलून मिळण्याची वर्षे किती. उत्तरे पक्क्या बिलावर लिहून घ्यावीत.

मोटारीचे काय?

५ अश्वशक्तीची मोटार तासाला ३.७ युनिटांहून अधिक ओढते. नमुन्याच्या घराची रात्रभराची वीज ती अर्ध्या तासात संपवील. म्हणूनच सौर कृषिपंपाला बॅटरी नसते. दिवसा पाणी उपसून शेततळ्यात साठवावे. शेताची बॅटरी तीच.

सभासदांनी आपल्या घराची यादी आजच करावी. आकडा हाती असला, की विक्रेत्याशी बोलणे आपल्या हिशेबाने होते, त्याच्या नव्हे.