माडाचं पोटॅश तोडण्याआधी

पोटॅश बंद केलं की पहिल्या वर्षी माडाला काही होत नाही. दुसऱ्या वर्षीही फारसं नाही. माणूस फसतो तो इथेच.

सिंधुदुर्गातल्या आमच्या आगरात हेच झालं. 2010 साली खतांच्या अनुदानाचं धोरण बदललं आणि सव्वादोनशेच्या आसपास मिळणारी पोटॅशची गोणी दोनेक वर्षांत आठशेच्या वर गेली. युरिया मात्र स्वस्तच राहिला. घरात ठरलं, युरिया आणि शेणखत घालायचं, पोटॅश तूर्तास नको. माड हिरवेगार होते, नारळही तेवढेच पडत होते.

पुढे खालच्या झावळ्यांची टोकं आणि कडा नारिंगी-पिवळ्या पडून सुकू लागल्या. कोवळी फळं गळायला लागली. नारळ घटल्याचं आमच्याआधी पाडेल्याच्या लक्षात आलं.

माडाच्या पोटात पोय धरल्यापासून नारळ पक्का होईपर्यंत साधारण साडेतीन वर्षं जातात. त्यामुळे आज पाडलेल्या नारळामागे जुनी खतं असतात. त्यात आपली जांभ्याची आम्ल माती पोटॅश फारसं धरून ठेवत नाही आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस उरलंसुरलं धुऊन नेतो. देशावरच्या काळ्या मातीत असतो तसा साठा इथे नाही. शिवाय नारळ सोडणासकट विकला की त्याच्याबरोबर पोटॅशही आगराबाहेर जातं.

म्हणून सांगतो, मोठ्या माडाला वर्षाला 1200 ग्रॅम पालाशाची शिफारस आहे, म्हणजे 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पैशांची ओढाताण असेल तर मात्रा कमी करा, पण साफ बंद करू नका. एक हप्ता पावसाच्या सुरुवातीला द्या, दुसरा पाऊस ओसरल्यावर. आषाढाच्या झडीत खत घालणं म्हणजे व्हाळात पैसे सोडणं. नारळ सोलून विका, सोडणं आणि झावळ्या आळ्यातच कुजवा. चुलीची राखही तिथेच टाका, तिच्यातून पालाश मिळतं आणि आम्लताही थोडी उतरते. चुना मात्र माती तपासल्याशिवाय नको.

राहिलेली मात्रा भरून काढायला एकदम पोटॅश ओतू नका, झाडाला मॅग्नेशियम कमी पडतं. आणि खत पुन्हा सुरू केल्यावर वर्षभरात नारळ वाढले नाहीत म्हणून हात आखडू नका. तोडताना परिणाम उशिरा दिसला, तसा तो सुधारतानाही उशिराच दिसतो.