खुले कोष्टक

झाड तोडले जाते, तेव्हा त्याची सावली नाहीशी होते. परंतु त्याची नोंदच नसेल, तर तेथे झाड होते हेही सिद्ध करता येत नाही. म्हणून नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला, त्याने वृक्षगणना हे वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले. त्यानुसार पुणे महानगरपालिकेने संगणकाच्या साहाय्याने केलेल्या गणनेत सुमारे ४० लाख झाडांची नोंद झाली. झाडाचे नाव, घेर, उंची व ठिकाण ही माहिती लोकांसाठी खुली करण्यात आली.

एवढे मोठे कोष्टक पडद्यावर एका वेळी मावत नाही. म्हणून अशा संकेतस्थळांवर ते फाइलच्या रूपाने बाहेर काढून घेण्याची सोय असते. या फाइलला बहुधा 'सीएसव्ही' म्हणतात. तिची रचना अगदी साधी असते. एका ओळीत एका झाडाची माहिती आणि दोन रकान्यांमध्ये एक स्वल्पविराम, उदाहरणार्थ, 'वड,३१०,१२,शिवाजीनगर'. मजकुरातच स्वल्पविराम असेल, तर तो मजकूर अवतरणचिन्हांत ठेवतात.

फाइल पाठविताना सर्व्हर ब्राउझरला काही सूचना देतो. मजकूर कोणत्या प्रकारचा आहे आणि तो पडद्यावर दाखवावयाचा की संगणकावर उतरवून ठेवावयाचा, हे त्यांवरून ठरते. साधा मजकूर म्हणून आलेली फाइल पडद्यावरच उघडते. सीएसव्ही म्हणून आलेली बहुधा उतरवून घेतली जाते.

तितकीच महत्त्वाची सूचना अक्षरांच्या सांकेतनाची. मराठी मजकूर सामान्यतः 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठविलेला असतो. तो दुसऱ्याच पद्धतीने वाचला, तर 'वड' आणि 'पिंपळ' यांच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. तेव्हा माहिती नष्ट झालेली नसते. कुलपाला चुकीची किल्ली लागलेली असते. योग्य पद्धत निवडताच अक्षरे पूर्ववत दिसतात. मात्र त्या बिघडलेल्या रूपातच फाइल पुन्हा जतन केली, तर मूळ अक्षरे कायमची हरवू शकतात. यास्तव मूळ प्रत नेहमी निराळी ठेवावी.

फाइल नीट उघडली, की कोणाही नागरिकाला आपल्या भागातील वड मोजता येतात आणि नोंद व प्रत्यक्ष रस्ता यांचा मेळ घालून पाहता येतो. माहिती प्रसिद्ध करणे हे कार्यालयाचे कर्तव्य, तर ती उघडून पडताळणे हे नागरिकाचे. या दोहोंची सांगड पडते, तेव्हाच कोष्टक खऱ्या अर्थाने खुले होते.

स्वाध्याय
१. मूळ प्रत निराळी का ठेवावी?
२. 'चुकीची किल्ली' या शब्दांतून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
३. आपल्या शाळेच्या आवारातील झाडांचे कोष्टक तयार करा.