बायोलॉजी घेतलं म्हणून गणित सोडू नका

'नीट'चा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "मेडिकल तर हुकलं, आता बायोटेकच घ्यायचं का?" त्या 'च'मध्ये सगळी निराशा असते. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली.

पण बायोटेकच्या मुळाशी असलेल्या डीएनएचा शोध लावला कुणी? फ्रीड्रिख मीशर डॉक्टरकी शिकला होता, वडीलही डॉक्टर. दवाखाना काढायचा सोडून तो रसायनशास्त्राकडे वळला. 1869 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गढीत, जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, तो इस्पितळातून आणलेल्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धूत असे. त्यातल्या पांढऱ्या पेशींत त्याला हा पदार्थ सापडला. 1953 मध्ये डीएनएची रचना मांडणाऱ्या दोघांपैकी फ्रान्सिस क्रिक मूळचा भौतिकशास्त्राचा. युद्धकाळात पाणसुरुंगांवर काम केलेला. ज्यांच्या क्ष-किरण छायाचित्रातून मोठा धागा मिळाला, त्या रोझलिंड फ्रँकलिन रसायनशास्त्रज्ञ. त्याआधी त्यांनी कोळशाचा अभ्यास केला होता!

म्हणून अकरावीत बायोलॉजी घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं : झेपत असेल तर गणित ठेवा. माणसाचा जीनोम म्हणजे सुमारे 300 कोटी अक्षरं. यंत्र ती वाचून देतं, अर्थ लावायला संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग लागतं. बायोइन्फर्मेटिक्स म्हणतात ते हेच.

फॉरेन्सिकचं आकर्षण मुलांना फार. त्यात 'सीआयडी' मालिकेतल्या डॉ. साळुंखेंचा वाटा मोठा. ॲलेक जेफ्रीज यांना 1984 मध्ये लेस्टरला डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखण्याचं तंत्र, सापडलं. भारतात ते लालजी सिंह यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत रुजवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे; राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

वैद्यकात तर चित्रच पालटतंय. विदर्भात, नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ठाऊक आहे. त्यावरच्या, जनुकांत बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. तो अजून भयंकर महाग आहे. पण लग्नाआधी, गरोदरपणात रक्त तपासून नीट समजावून सांगणारे जेनेटिक काउन्सेलर इथे आजच हवेत.

आता कडू भाग. नुसत्या बीएस्सीवर थांबलात तर हाती फारसं लागत नाही. एमएस्सी धरून चाला. संशोधनात जायचं तर पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं. त्या काळात नेट-जेआरएफसारखी फेलोशिप मिळाली तर घरावर भार पडत नाही, हे मुलाच्या आजोबांनाही सांगून ठेवा. आयसर किंवा विद्यापीठांतले चांगले विभाग मिळाले तर उत्तम. खासगी कॉलेज पाहत असाल तर माहितीपत्रकावरच्या काचेच्या इमारतीला भुलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र स्वतःच्या हाताने कितीदा चालवलंत?