रंगीत निगेटिव्ह फिल्मचे वाढीव विकासन

१. प्रश्न काय आहे?

भिलाईच्या पोलाद-नगरीतील एखाद्या शाळेच्या सभागृहात सायंकाळी नाटक चालू आहे असे समजा. कॅमेऱ्यात ४०० संवेदनशीलतेची रंगीत निगेटिव्ह फिल्म आहे. प्रकाशमापक सांगतो की, १/३० सेकंद प्रकाश आत घ्यावा. परंतु तेवढ्या अवधीत पात्रे हालतात व चित्र पुसट येते. म्हणून छायाचित्रकार फिल्मची संवेदनशीलता ८०० आहे असे मानून १/६० सेकंदच प्रकाश घेतो. फिल्मला आता आवश्यकतेच्या निम्मा प्रकाश मिळाला. ही उणीव भरून काढण्यासाठी विकासकात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, फिल्म नेहमीपेक्षा अधिक वेळ ठेवण्याची रीत आहे. तिला वाढीव विकासन असे म्हणता येईल. याने हरवलेला प्रकाश खरोखर परत मिळतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. फिल्मच्या अंतरंगात

फिल्मवर रौप्य लवणांच्या सूक्ष्म कणांचे थर असतात. ज्या कणावर पुरेसा प्रकाश पडतो, त्यात चांदीच्या काही अणूंचा लहानसा पुंजका तयार होतो. हीच सुप्त प्रतिमा होय. ती डोळ्यांना दिसत नाही. विकासक अशा कणांचे चांदीत रूपांतर करतो. या क्रियेत तो स्वतः बदलतो आणि थरातील रंगजनक द्रव्याशी संयोग पावून रंग निर्माण करतो. निळ्या प्रकाशाला संवेदनशील अशा वरच्या थरात पिवळा, हिरव्या प्रकाशाच्या मधल्या थरात किरमिजी आणि तांबड्या प्रकाशाच्या खालच्या थरात निळसर हिरवा रंग तयार होतो. पुढे विरंजक व स्थिरीकारक ही द्रावणे चांदी काढून टाकतात व रंग तेवढे उरतात.

ईस्टमन कोडॅक कंपनीने १९७२ साली प्रचारात आणलेली सी-४१ ही पद्धत आजही याकरिता वापरली जाते. तीत विकासकाचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस व विकासनाचा काळ ३ मिनिटे १५ सेकंद असतो. एक पायरी वाढीव विकासनासाठी हा काळ साधारणतः ३ मिनिटे ४५ सेकंद करतात. नेमका काळ रसायनांबरोबरच्या पत्रकात पाहावा. विरंजन व स्थिरीकरण यांचा काळ मात्र वाढवावा लागत नाही, कारण त्या क्रिया पूर्णतेस जाईपर्यंतच चालतात.

३. काय मिळते, काय मिळत नाही

जेथे बराच प्रकाश पडला आहे, तेथे अधिक वेळाने अधिक रंग तयार होतो. जेथे प्रकाश पोहोचलाच नाही, तेथे सुप्त प्रतिमाच नसते. मग विकासक तेथे काय विकसित करणार? उलट, फार वेळ ठेवल्यास प्रकाश न लागलेले कणही विकसित होऊ लागतात व फिल्मवर धूसरपणा चढतो. सारांश, वाढीव विकासनाने उजळ व अंधाऱ्या भागांतील अंतर वाढते. छायेतील तपशील फारसा परत येत नाही. चित्राचे कणही ठळक होतात.

रंगीत फिल्मच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. विकासक वरून खाली झिरपत जातो आणि तिन्ही थरांचा समतोल ठरलेल्या काळासाठीच जुळविलेला असतो. काळ बदलला की थर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मग छायेत एक झाक आणि उजेडात दुसरी अशी स्थिती होऊ शकते. एक दुरुस्त करावी तर दुसरी बिघडते.

यावरून विषयाची निवड कशी करावी हे कळते. सभागृहातील सौम्य, एकसारख्या प्रकाशाला ही रीत मानवते. झोतभट्टीतून वाहणारा तप्त रस आणि भोवतालचा काळोख अशा दृश्यात अंतर आधीच प्रचंड असते. तेथे ती हानीच करील.

४. भिलाईतील तापमान

घरी विकासन करणाऱ्याने रसायनांच्या बाटल्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवाव्यात. हिवाळ्यात त्या पाण्यात ऊन पाणी घालावे लागते. मे महिन्यात मात्र येथील हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि छतावरील टाकीचे पाणीही फार तापते. तेव्हा टबात बर्फ घालून तापमान उतरवावे लागते. विकासक अधिक उष्ण झाला तर त्याची क्रिया वेगाने होते व नकळत वाढीव विकासन घडते. म्हणून चांगला तापमापक वापरावा आणि तापमान ३७.८ वर स्थिर झाल्यावाचून विकासक डब्यात ओतू नये.

५. दक्षता

विकासकामुळे त्वचेला विकार होऊ शकतो. रबरी हातमोजे घालावेत व खिडकी उघडी ठेवावी. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. वापरलेल्या स्थिरीकारकात चांदी असते. ते मोरीत न ओतता वेगळे साठवून योग्य ठिकाणी द्यावे.

६. करून पाहा

एकाच प्रकारच्या दोन फिल्मांवर तेच दृश्य १/६० सेकंदाने घ्या. एक फिल्म नेहमीच्या काळात व दुसरी वाढीव काळात विकसित करा. दोन्ही निगेटिव्ह खिडकीसमोर धरून आधी उजळ वस्तूंचे व मग छायेतील वस्तूंचे भाग ताडून पाहा. संपूर्ण फिल्म एकाच डब्यात विकसित होत असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक चित्रावर हा परिणाम होतो, हेही ध्यानात घ्या. लग्न, मुंज यांसारखा पुन्हा न येणारा प्रसंग टिपण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा. विकासनाचा काळ हाती असतो. गेलेला प्रकाश नसतो.