स्क्रीनवरचं मूल आणि आपली सही

घरी बसून ऑटिझम आणि एडीएचडीची असेसमेंट करण्याचं काम हल्ली तरुण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना सहज मिळतं. एम.फिल. नुकतंच संपलेल्या, घरात तान्हं मूल असलेल्या, नाशिक-साताऱ्याला राहूनच काम हवं असलेल्या मुली मला विचारतात, 'ताई, घेऊ का?' मी स्वतः नाशिकहून हे काम केलंय आणि अजूनही करते, त्यामुळे 'घे' असंच सांगते. फक्त आधी कराराचा कागद नीट वाचायला लावते.

माझ्या पहिल्या कंपनीत एका मुलासाठी पाऊण तास ठरलेला होता. पालकांशी बोलणं, मुलाला पाहणं, प्रश्नावल्या भरून घेणं, सगळं तेवढ्यात. मानधन अहवालामागे. अहवालाचा साचा तयार, आणि 'आत्ताच सांगता येणार नाही' असं लिहायला त्यात जागाच नाही. तीन वर्षांचा एक मुलगा होता. हाक मारली तरी वळायचा नाही, आलेले शब्दही बंद झाले होते. पण त्याची श्रवणचाचणी कुणीच केलेली नव्हती. 'आधी बेरा करून घ्या' असं लिहून मी निदान थांबवलं. लगेच फोन आला: पालकांनी पैसे भरलेत, निदान 'शक्यता' म्हणून तरी लिहा. मी लिहिलं नाही. त्या महिन्याचं मानधन अडकलं आणि मी ते काम सोडलं. ज्या मुलाला कदाचित ऐकूच येत नाही, त्याच्या फाइलवर ऑटिझमचा शिक्का बसला तर त्याची हातातली वर्षं चुकीच्या उपचारांत जातात. याची चीड मला आजही येते.

म्हणून पहिला प्रश्न वेळेचा विचारा. 2013 पर्यंत ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन निदानं एकाच मुलाला देता येत नसत. डीएसएम-5 आल्यापासून येतात, आणि अनेक मुलांत दोन्ही असतातच. त्यात चिंता, झोपेची कमतरता, वाचनाची अडचण मिसळलेली असते. हा गुंता सोडवायला दोन-तीन बैठका लागतात. तेवढा वेळ आणि त्या वेळेचे पैसे करारात नसतील तर ते काम असेसमेंटचं नाही.

स्क्रीनवर मुलाखत मात्र खरोखर उत्तम होते. आई आपल्या घरात असते, दवाखान्यातल्यासारखी अवघडत नाही, मधेच आजी येऊन 'हा दीड वर्षाचा असताना बोट दाखवून मागायचा नाही' असं सांगून जाते. एडीएचडीची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यामुळे शाळेच्या वह्यांचे फोटो मागवा, जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरे वाचा, वर्गशिक्षिकेशी स्वतः फोनवर बोला. साठ मुलांच्या वर्गातल्या बाईंनी घाईत टिक केलेला तक्ता पुरेसा नसतो, आणि खाली मान घालून बसणारी मुलगी त्या तक्त्यात सापडतच नाही. घरचे व्हिडिओ तर मागवाच: जेवतानाचे, अंगणात इतर मुलांसोबतचे, पहिल्या वाढदिवसाचे. त्या जुन्या व्हिडिओंतून मला कितीतरी वेळा प्रश्नावलीपेक्षा जास्त कळलं आहे.

निरीक्षणाचं मात्र तसं नाही. कॅमेरा वर आणि स्क्रीनवरचा तुमचा चेहरा खाली असतो, त्यामुळे मूल तुमच्याकडे पाहत असलं तरी नजर झुकलेली दिसते. 'नजर देत नाही' असं त्यावरून लिहू नका. फ्रेमच्या बाहेरून आई खुणा करत असते. एडीओएस-2 ही समोरासमोर, खेळणी मांडून करायची चाचणी आहे, ती स्क्रीनवरून करून तिचे गुण मांडता येत नाहीत. कोविडच्या काळात याच क्षेत्रातल्या लोकांनी बोसा आणि टेली-एएसडी-पेड्स या पद्धती वापरात आणल्या, त्यांत खेळ पालक घेतात आणि आपण पाहतो. त्या वापरा, पण कोणती पद्धत वापरली ते अहवालात स्पष्ट लिहा. आपल्याकडच्या इसा मापनात 40 बाबी आहेत आणि 70 गुणांपासून ऑटिझम धरतात. त्यातली कोणती बाब तुम्ही पाहिली आणि कोणती आईने सांगितली, तेही नोंदवा. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाची भाषा प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत मोजू नका.

काही गोष्टी पैसे घेण्याआधीच सांगायच्या असतात. आपला अहवाल म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. ते सरकारी व्यवस्थेतूनच मिळतं. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं, आणि 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते ऑनलाइन लिहून देता येत नाही, म्हणजे डॉक्टरांकडे प्रत्यक्ष जावंच लागेल. न्यू जर्सीहून मराठी आईवडील फोन करतात, 'आमच्या मुलाला मराठीतूनच तपासा' म्हणतात. त्यांची अडचण खरी असते, पण आपली आरसीआयची नोंदणी तिथे चालत नाही. तिथल्या कायद्याने सरकारी शाळेला हे मूल्यमापन मोफत करावं लागतं, हे त्यांना सांगा आणि घरातल्या मराठीची माहिती तिथल्या तज्ज्ञांना द्यायला मदत करा.

निदान सांगण्याचा दिवस सर्वांत जपून ठरवा. बाबा दुबईहून तिसऱ्या चौकटीत, आई घरी एकटी, आणि कॉल संपला की स्क्रीन काळी. दवाखान्यात किमान बाहेरच्या बाकावर बसता येतं, कुणीतरी पाणी देतं. म्हणून त्या वेळी तिच्याजवळ कोण असेल ते आधी विचारा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. हा फोन कुठल्याच करारात नसतो, तरी कराच.

आपल्यालाही कुणीतरी लागतं. इस्पितळात शेजारच्या खोलीत बालविकासतज्ज्ञ असतात, वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. घरी बसल्यावर शंका मनातच राहते आणि हळूहळू खात्रीसारखी वाटू लागते. दर आठवड्याला अवघड केसेस एखाद्या अनुभवी सहकाऱ्यासमोर मांडायची वेळ ठरवून घ्या.

आणि नोकरी स्वीकारण्याआधी कंपनीकडून एक गोष्ट लेखी मागा: 'निष्कर्षासाठी प्रत्यक्ष भेट आवश्यक' असं लिहिलेल्या अहवालाचेही पूर्ण पैसे मिळतील. हे लिहून द्यायला ते तयार नसतील, तर तिथे सही करू नका.