बाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याआधी

कन्नौद, जि. देवास

चि. बाळ,

तुझा मेसेज मिळाला. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, आकडे कागदावर मांडावे लागतात, म्हणून पत्रच लिहितो आहे. एका कार्डावर ८०,००० रुपये थकलेत, दुसरी बँक बॅलन्स ट्रान्सफर करून देते म्हणते, तर करू का, असं तू विचारलंस. माझं म्हणणं असं की जरूर कर, पण जुनं कार्ड बंद करायची तयारी असेल तरच. ती नसेल तर या भानगडीत पडू नकोस.

आधी आज काय चाललंय ते बघ. तुझ्या स्टेटमेंटवर महिना साडेतीन टक्के फायनान्स चार्ज आहे. ८०,००० वर त्याचे २,८०० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, म्हणजे एकूण ३,३०४. तू मिनिमम ड्यू म्हणून ४,००० भरतोस आणि थकबाकीदार झालो नाही म्हणून निश्चिंत राहतोस. पण त्या चार हजारांतले फक्त ६९६ रुपये मुद्दलात जातात. शिवाय मागची बाकी उभी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. इंदूरला त्याच कार्डावर किराणा भरलास तर त्याच दिवसापासून व्याज चालू.

इतकं व्याज कायद्यात बसतं का, हा तुझा दुसरा प्रश्न. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली ३० टक्क्यांवरच्या व्याजाला अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा वर्षाचे ४२ टक्के बसतात. व्याज बेकायदा ठरेल या आशेवर थांबू नकोस.

आता नव्या बँकेचं. तिनं सव्वा टक्का महिना, १२ हप्ते आणि २ टक्के प्रोसेसिंग फी सांगितली आहे. हप्ता साधारण ७,२२० चा पडेल. वर्षाचं व्याज ६,६५० च्या आसपास, त्यावर जीएसटी १,२०० आणि फी जीएसटीसकट १,८८८. सगळा भार मिळून ९,७०० च्या घरात. हेच कर्ज वर्षभरात जुन्या कार्डावर फेडायचं तर महिन्याला ८,५९० भरावे लागतील आणि भार २३,००० वर जाईल. वाचतात ते १३,००० रुपये खरे आहेत, त्यांना कमी लेखू नकोस.

पण दर घटत्या बाकीवर आहे की फ्लॅट, हे लेखी विचारून घे. एक टक्का फ्लॅट ऐकायला सव्वा टक्क्यापेक्षा स्वस्त वाटतो. मात्र फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ८०,००० वरच आकारणी, म्हणजे वर्षाचे ९,६००. घटत्या बाकीवरचा सव्वा टक्का त्याहून जवळपास तीन हजारांनी हलका पडतो. ६० दिवस शून्य टक्के असंही काही जण देतात. दोन महिन्यांत ८०,००० कुठून आणणार, याचं उत्तर तुझ्याकडे नाही, तेव्हा ते सोडून दे.

पण दर कमी झाला म्हणून कर्ज फिटत नाही. मी बँकेच्या शाखेत पीककर्जाच्या टेबलावर होतो तेव्हा दर मार्चअखेर हेच बघत आलो. मुदत टळली की व्याजाची सवलत जाते, म्हणून शेतकरी गावातल्या कुणाकडून चार-आठ दिवसांसाठी महागडे पैसे उचलायचा, खातं भरायचा आणि लगेच तेवढंच कर्ज पुन्हा काढून त्याचे त्याला द्यायचा. याला नवं-जुनं करणं म्हणतात. वहीत खातं स्वच्छ दिसायचं, कर्ज होतं तेवढंच राहायचं, वर त्या आठ दिवसांचं व्याज. ज्यांचं सोयाबीन मंडीत बऱ्या भावानं जायचं आणि त्यातले पैसे खात्याकडे वळायचे, तेच मोकळे झाले. बाकीच्यांची नावं वर्षानुवर्षं त्याच यादीत मी लिहिली आहेत, आणि ती लिहिताना मला फार वाईट वाटे.

जुन्या कर्जावर नवं चढवण्याची ही रीत जुनीच आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख कर्जखतांवर होता. व्याज मुद्दलात घालून नवं खत करायचं, ते फिटलं नाही की आणखी नवं. मूळ उचल किती होती ते पुढे कुणालाच सांगता येत नसे. म्हणून १८७९ साली आलेल्या दख्खनच्या शेतकरी कायद्यानं न्यायाधीशांना खताच्या मागे जाऊन पहिल्यापासून हिशेब तपासायला लावला. तूही तेच कर. बाकी पहिल्यांदा राहिली त्या महिन्यापासूनची स्टेटमेंटं काढ आणि एका बाजूला खरेदी, दुसऱ्या बाजूला व्याज, दंड, जीएसटी असं लिहून बघ. ८०,००० मधली वस्तूंची रक्कम किती, ते दिसेल.

सगळा निर्णय त्या कागदावर आहे. दवाखाना, घराचं डिपॉझिट असा एखादा मोठा खर्च अंगावर आला असेल तर ट्रान्सफर कर. तो खर्च पुन्हा येत नाही आणि वर्षात तू मोकळा होशील. पण दर महिन्याला पगार २० तारखेला संपतो आणि पुढचे दहा दिवस कार्डावर निघतात, असं दिसलं तर याची टोपी त्याला घालून काही होणार नाही. रिकाम्या झालेल्या जुन्या कार्डावर सहा महिन्यांत पुन्हा बाकी चढेल आणि नव्याचे हप्तेही मागे असतील. तेव्हा आधी खर्चाला कात्री लाव, कार्डाचं नंतर बघू.

करायचंच ठरलं तर आधी सध्याच्या बँकेला विचार, बाकीचे हप्ते पाडून काय दरानं देते, पुष्कळदा देतात. तुझ्या नावे एखादी मुदत ठेव असेल तर तिच्यावरचं कर्ज याहून कितीतरी स्वस्त पडतं. आईच्या पाटल्यांचा विचार मनात आणू नकोस. नव्या बँकेचे पैसे जुन्या कार्डात जमा झालेले दिसेपर्यंत जुन्याची तारीख चुकवू नकोस. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं व्याज लागून येतं, तेही भर. मग बंद करायचा अर्ज दे. काही बाकी नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. केलं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुला द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. नवं कार्ड फक्त हप्त्यांपुरतं ठेव, त्यावर खरेदी नको. हप्ता चुकला तर त्या रकमेवर तिथलाही नेहमीचा दर लागेल, आणि तो जुन्याहून कमी नाही.

स्टेटमेंटं आणि नव्या बँकेचं दरपत्रक मला पाठव, मी रात्री बसून हिशेब तपासतो. ताईला मी काही बोललेलो नाही. तिला तूच सांग, आणि लवकर सांग.

तुझा,
मामा