दारू सुटल्यावरचे पहिले तीन महिने : शरीराच्या तक्रारी आणि त्यांचा खर्च

दारू बंद करून पंधरा-वीस दिवस होतात आणि घरात कुरकुर सुरू होते. सोडली की तब्येत सुधारेल असे सगळे सांगत होते. प्रत्यक्षात माणूस अजून पहाटे तीनला उठून बसतो, कपबशी धरताना त्याचा हात थरथरतो, तळपायांची आग होते, जेवण झाले की पित्त उसळते. 'पीत होता तेव्हा तरी बरा होता' हे वाक्य नेमके याच दिवसांत कुणीतरी बोलून जाते. ते ऐकून तो पुन्हा गुत्त्याकडे वळला, तर दोष त्याच्या एकट्याचा नसतो. तो टिकून राहिला तर घाबरलेले घर पैसे खर्च करू लागते. फुल बॉडी चेकअप होते, सलाईन लावले जाते, लिव्हर टॉनिकच्या बाटल्या येतात, एस. टी. स्टँडवरच्या पोस्टरातली पावडरही येते. यातले बहुतेक पैसे वाया जातात. खरी गरज असते त्या गोष्टी स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत, आणि घाईगर्दीत त्याच राहून जातात.

आधी तुलनेसाठी दारूचाच हिशेब मांडू. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. त्या निर्णयानुसार १८० मिलीची देशीची क्वार्टर किमान ८० रुपये आणि भारतात बनलेल्या विदेशी मद्याची किमान २०५ रुपये झाली. रोज दोन क्वार्टर विदेशी पिणाऱ्याचे महिन्याला १२,३०० रुपये जातात, रोज तीन देशी पिणाऱ्याचे ७,२००. चकणा, उधारी आणि कामावरचे खाडे वेगळेच. नाशिक, सोलापूर, कोल्हापूरसारख्या शहरात खासगी डॉक्टरांकडे नीट उपचार घेतले, तरी पहिल्या तीन महिन्यांचा सगळा खर्च साधारण साडेसहा ते बारा हजारांत बसतो. सरकारी दवाखान्यात तो नगण्य असतो. पुढे दिलेले खासगी दर अंदाजे आहेत. मुंबई-पुण्यात दीडपट ते दुप्पट धरून चाला.

पहिल्या आठवड्यात काटकसर नको

हा लेख मागे रेंगाळणाऱ्या त्रासाबद्दल आहे, तरी एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, तर फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत, अंग तापते, दरदरून घाम सुटतो. हा भ्रम जीव घेऊ शकतो. पूर्वी कधी फिट आली असेल, किंवा सकाळी उठल्या उठल्या प्यायल्याशिवाय हात स्थिर होत नसेल, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, पण तिथला केसपेपरही अगदी किरकोळ दरात निघतो आणि मानसोपचार विभाग असतो. घरात झोपवून, दार लावून 'उतरवण्याचा' प्रयोग कुणीही करू नये.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची गोळी

बराच काळ दारू पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा आटलेला असतो. जेवण कमी झालेले असते आणि जे पोटात जाते त्यातले बी-१ आतड्यात नीट शोषले जात नाही. त्याची तीव्र कमतरता मेंदूवर उतरते. चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळतो. वेळेवर इंजेक्शनातून थायमिन मिळाले नाही, तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून अशक्तपणासाठी ग्लुकोजचे सलाईन लावायचे ठरले, तर डॉक्टरांना जरूर सांगा : 'हे रोज प्यायचे, आधी थायमिन द्याल का?' शरीरात थायमिन नसताना नुसते ग्लुकोज गेले, तर उरलासुरला साठाही संपतो. गल्लीतल्या दवाखान्यात पाचशे-सातशे रुपये घेऊन लावलेले 'ताकदीचे सलाईन' म्हणूनच निरुपद्रवी समजू नये.

पहिले काही दिवस इंजेक्शने आणि पुढे बी-१ च्या शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्या असा क्रम बहुतेक डॉक्टर ठेवतात. गोळ्यांचा महिन्याचा खर्च दीडशे ते चारशे रुपये येतो. मेडिकलमध्ये 'बी कॉम्प्लेक्स द्या' म्हटले की हाती पडणाऱ्या साध्या कॅप्सूलमध्ये बी-१ बऱ्याचदा पाच-दहा मिलिग्रॅमच असते. पट्टीमागची बारीक अक्षरे वाचा, चिठ्ठीवरची मात्रा आणि पट्टीवरची मात्रा जुळते का ते पाहा.

तळपायांची आग आणि मुंग्या यांचा संबंधही याच्याशी आहे. दारूने आणि जीवनसत्त्वांच्या कमतरतेने पायांच्या नसा दुखावतात. नस फार सावकाश भरून येते. काही महिने लागतात, कधी वर्षही लागते, आणि काहींच्या पायांत थोडी बधिरता राहून जाते. हे आधी माहीत असले, तर दर आठवड्याला डॉक्टर बदलण्याचा खर्च वाचतो. बी-१२ ची तपासणी मात्र एकदा करून घ्यावी (सहाशे ते बाराशे रुपये), कारण त्याची कमतरता शाकाहारी माणसात दारूविनाही असते आणि ती भरून काढता येते. मधुमेहानेही पायांची अशीच आग होते, म्हणून साखर तपासायची. 'नसांच्या' महागड्या गोळ्यांबाबत दोन सूचना आहेत. बी-६ जास्त मात्रेत बरेच महिने घेतले, तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात. आणि प्रीगॅबालिन हे औषध उपयोगी असले, तरी त्याची सवय लागू शकते. डॉक्टरांना व्यसनाचा इतिहास सांगूनच ते घ्यावे. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर आणत राहू नये.

झोप

सर्वांत जास्त माणसे झोपेपायी घसरतात. दारूने डोळा लागायचा, पण खरी झोप मोडलेली असायची. ती घडी बसायला आठवडे लागतात, पुष्कळांना काही महिने लागतात. सुरुवातीला स्वप्ने फार पडतात. दारू प्यायल्याचे स्वप्न पडून माणूस घामाघूम उठतो आणि आपण खरेच प्यायलो की काय म्हणून घाबरतो. हे नेहमीचे आहे, घरच्यांनी ते ऐकून घ्यावे.

इथे पैसे वाचतात आणि धोका मात्र वाढतो, अशी एक गोष्ट घडते : ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणणे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पाच-सात रुपयांना एक पडतात. त्या मेंदूत दारूच्याच वाटेने काम करतात. म्हणून तर पहिल्या आठवड्यात डॉक्टर याच गटातली औषधे मोजून देतात आणि पाच-दहा दिवसांत कमी करत बंद करतात. त्यानंतर स्वतःहून चालू ठेवली, तर एका व्यसनाच्या जागी दुसरे येते. चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा आहे. देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट घ्या. मध्यम शहरात तिचे पाचशे ते बाराशे रुपये होतात. सवय न लावणारी औषधे आहेत, ती तेच ठरवतील.

बाकीचे उपाय बिनपैशाचे आहेत. झोप लागो न लागो, सकाळी एकाच वेळी उठायचे. दुपारी तीननंतर चहा नाही. दारू सुटली की चहाचे कप वाढत जातात, त्याने धडधडही वाढते आणि हाताचा कंपही. तंबाखू-सिगारेटही रात्री उत्तेजना देते. उन्हात अर्धा तास चालायचे.

तपासण्या : कोणत्या आणि कधी

'दोन हजारांत ऐंशी तपासण्या' अशा पॅकेजची या काळात गरज नाही. सुरुवातीला रक्ताची सीबीसी (अडीचशे ते चारशे रुपये), लिव्हर फंक्शन (चारशे ते नऊशे), साखर, क्रिएटिनिन आणि डॉक्टरांना वाटले तर मॅग्नेशियम एवढे पुरते. पोटाची सोनोग्राफी एकदा, हजार ते अठराशे रुपयांत.

खर्च वाढतो तो वारंवारतेने. रिपोर्टमध्ये जीजीटी, म्हणजे दारूने वाढणारे यकृताचे एक एन्झाइम, वाढलेले दिसले, की दर आठवड्याला तपासणी सुरू होते. जीजीटी निम्म्यावर यायला दोन ते चार आठवडे लागतात. तांबड्या पेशींचा वाढलेला आकार, म्हणजे रिपोर्टातला एमसीव्ही, पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागतात, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेव्हा कावीळ नसेल, पोटात पाणी नसेल, तर पहिली तपासणी, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी अशी विभागणी डॉक्टरांशी बोलून ठरवा. यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन (अडीच ते पाच हजार) पहिल्या पंधरवड्यात करूच नये असे माझे मत आहे. यकृताची सूज ताजी असते, आकडा फुगून येतो, घर हादरते आणि दोन महिन्यांनी पुन्हा पैसे मोजावे लागतात. साध्या फॅटी लिव्हरची चरबी दारू पूर्ण बंद ठेवल्यावर काही आठवड्यांत ओसरू लागते, आणि त्यासाठी लिव्हर टॉनिक लागत नाही. महिन्याचे पाच-सहाशे रुपये घेणाऱ्या त्या बाटलीपेक्षा रोज दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे घ्या.

रक्तदाबाचेही तसेच. दारू थांबवताना तो चढतो आणि बऱ्याच जणांचा पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. पहिल्या आठवड्यात सुरू झालेली बी. पी. ची गोळी महिन्याने अजून हवी का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

पोटाबद्दल थोडक्यात सांगतो. पित्ताची गोळी जनऔषधी केंद्रातून घेतली, तर ब्रँडेडपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, सुजलेल्या जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामोलही यकृत खराब असताना दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नको. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त आले, तर हिशेब बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

सगळेच दारूवर ढकलू नका

'विड्रॉल आहे, जाईल' असे म्हणत दोन-दोन महिने काढलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो. रात्रीचा घाम दोन-तीन आठवड्यांनंतरही येतो, वजन उतरते, खोकला आहे, तर क्षयाची तपासणी करा. दारू पिणाऱ्यांत क्षय जास्त आढळतो आणि सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी व औषधे पूर्ण मोफत आहेत. हाताचा कंप महिन्यानंतरही तसाच असेल, तर थायरॉईड पाहा, दोनशे-चारशेत होते. डोळे पिवळे, पोट फुगलेले, पाय सुजलेले, यातले काहीही असेल तर वाट पाहू नका.

स्वयंपाकघरातूनही दारू आत येते. भूक लागावी म्हणून आणलेले द्राक्षासव, ताकदीसाठीचे अश्वगंधारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरमध्ये आणि काही खोकल्याच्या औषधांतही असते. दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असलेल्या माणसाला अशा अल्कोहोलनेही गंभीर त्रास होऊ शकतो. त्याच कारणाने 'नकळत जेवणात मिसळा' म्हणून दोन-चार हजारांना विकली जाणारी पावडर कधीही देऊ नका. आत काय आहे ते लिहिलेले नसते, आणि डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

केंद्र आणि विमा

दाखल करायचे ठरले, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, रात्री डॉक्टर कोण असतो, आणि औषधे-तपासण्या फीमध्ये धरल्या आहेत की वेगळ्या? उत्तर लेखी घ्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधणे पूर्णतः निषिद्ध आहे. मारहाण आणि कोंडून ठेवणे 'शिस्त' म्हणून सांगणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा. सरकारी अनुदानावरची केंद्रेही आहेत, त्यांची चौकशी १४४४६ या हेल्पलाइनवर होते.

विम्यावर विसंबून राहू नका. त्याच कायद्यात दारूशी निगडित मानसिक स्थिती आजारात मोडतात आणि मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यावा असे म्हटले आहे. तरी बहुतेक पॉलिसींत व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम वगळणारे कलम असते. दाखल होण्याआधी कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर मागवा. ईएसआयचे कार्ड असेल तर तपासण्या आणि औषधे तिथून घ्या.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणी गोळा होते, नव्याने आलेल्याने काही दिले नाही तरी कुणी विचारत नाही. पत्नी, आई-वडील यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. 'तुझा हात किती दिवस थरथरत होता? झोप कधी लागली?' असे तिथे मोकळेपणाने विचारता येते, आणि उत्तर देणारा ते सगळे भोगून आलेला असतो. मन फार खचले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला जाऊ लागला, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. तो रुग्णाच्याच नव्हे, घरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच साठवून ठेवा.